विचारून बांधून मिळेल

आमच्या स्टुडिओच्या जिन्यापाशी एक पाटी होती. 'घर, शाळा, ओटा, भिंत. विचारून बांधून मिळेल.' नांदेडच्या जुन्या गावभागात एका बँड कंपनीच्या गोदामावर दोन खोल्या होत्या, तोच आमचा स्टुडिओ. खाली ढोल, झांजा आणि पितळी बाजे, वर नकाशे, रंगाचे डबे आणि आम्ही चार माणसं. रस्त्यानं जाणारे लोक पाटी वाचून थांबायचे. कुणीतरी धीर करून वर यायचा आणि दारातूनच विचारायचा, "विचारून म्हंजी? कुणाला विचारून?"

आणि अक्का खुर्चीतून उठून म्हणायच्या, "तुम्हाला. बसा ना. चहा घेता?"

शकुंतला बिराजदार हे त्यांचं नाव पत्रांवर आणि नकाशांच्या कोपऱ्यातच असायचं. बाकी सगळ्या नांदेडला त्या अक्का होत्या. निलंग्याकडच्या, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका गावातल्या. बोलणं मराठी, पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की कानडी बाहेर यायची. एखादा नवशिका आर्किटेक्ट 'अवकाशाची संकल्पना' असं काही बोलायला लागला, की अक्का तळहात पुढे करून म्हणायच्या, "साकु!" म्हणजे पुरे. मग त्या मुलाला सगळं पहिल्यापासून, साध्या शब्दांत सांगावं लागायचं.

सुती साडी, पायात खेळायचे बूट आणि गळ्यात शिंप्यासारखी टेप. पर्समध्ये पैशांपेक्षा खडू जास्त. त्यामुळे त्यांच्या फोनवर, चष्म्यावर, कधीकधी नाकावरसुद्धा पांढरी बोटं उमटलेली असायची. जेवणाला ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, रोज, न कंटाळता. आणि एक जाड वही. आमच्या धंद्यात वहीत फूट आणि इंच लिहितात, तसं त्याही लिहीत. पण शेजारी आणखी एक माप असे. 'ओटा: तीन बायका आणि एक भांडण मावेल एवढा.' 'खिडकी: आजोबांना खाटेवरून बैल दिसला पाहिजे.' 'पायरी: डोक्यावर घागर असताना.' पहिल्यांदा ती वही हातात आली तेव्हा मला वाटलं, ही बाई गंमत करते. मग कळलं की ओटा बांधून झाल्यावर अक्का खरंच तीन बायकांना त्यावर बसवून बघत. भांडण आपोआप व्हायचं.

मी त्यांच्याकडे कामाला लागले ती गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती माझी आहे आणि हे लिहिणं त्यांच्याबद्दल आहे. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून, हातात प्रमाणपत्रांची फाइल घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तर फाइल न उघडता त्यांनी विचारलं, "तुझी आई दिवसभरात घरात सगळ्यात जास्त वेळ कुठं बसते?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात. "बघून सांगतेस की अंदाजे?" मी लोह्याजवळच्या आमच्या गावी गेले, दिवसभर आईच्या मागे फिरले आणि परत येऊन सांगितलं, मागच्या दाराच्या उंबऱ्यावर. उजेड तिथं असतो, वारा तिथं येतो आणि बोळीतलं सगळं कळतं. अक्का म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

हे विचारायचं वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. देगलूरहून परत येताना एसटी बंद पडली होती आणि आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो होतो. त्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होत्या तेव्हा भूकंप झाला. आमच्याकडे नुसतं भूकंप म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. जाड दगडमातीच्या भिंतींचं त्यांचं घर खाली बसलं. आई, वडील, भाऊ वाचले, आत्या गेली. पुढं नवीन गाव बसवलं. रुंद रस्ते, सरळ ओळी, एकासारखं एक घर. आई पहिला महिनाभर रोज शेतातून येऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात शिरायची. चाळीस वर्षं एका भिंतीपलीकडून बोलणारी तिची मैत्रीण नवीन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. एक दिवस एक साहेब घरं बघायला आले. शिकलेली मुलगी म्हणून शकुंतला त्यांच्याबरोबर हिंडत होती. आईला त्यांनी विचारलं, घर कसं आहे? आई म्हणाली, "घर लई चांगलं हाय साहेब. पण शेजार बांधायचा राहिला तुमचा."

"साहेब हसले," अक्का म्हणाल्या. "मला हसू येईना. मी त्याच वर्षी इमारतींचे सुंदर सुंदर नकाशे काढत होते आणि त्यांत कुणाचाच शेजार नव्हता."

एवढं सांगून त्या उठल्या आणि एसटीच्या ड्रायव्हरला इंजिनबद्दल सल्ला द्यायला गेल्या. इंजिनातलं त्यांना काहीही कळत नव्हतं.

आता असं वाचून वाटेल की अक्का गंभीर बाई असतील. मुळीच नाही. नांदेडजवळच्या एका गावातली अंगणवाडीची गोष्ट सांगते. खोली पक्की होती, रंगवलेली होती, पण मुलं आत टिकत नव्हती. रडायची, पळून जायची. सरपंचांना वाटत होतं भिंतीवर वाघ-सिंह काढले की मुलं बसतील. म्हणून आम्हाला बोलावलं होतं. सरपंच म्हणजे पन्नाशीचा, भरदार माणूस, कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, पांढरा सदरा, खिशाला पेन. अक्का खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, बूट काढले आणि सरळ गुडघ्यांवर बसल्या. मग गुडघ्यांवर चालतच आत गेल्या. एक चक्कर मारली, भिंतीपाशी गेल्या, मान वर करून खिडकीकडे बघितलं.

बाहेर गाव जमलेलं. कुणीतरी म्हणालं, "बाईला काई झालं का?"

आतून आवाज आला, "सरपंच, खाली या."

"म्या?"

"तुम्हीच. वाघ कुठं काढायचा ते इथून दिसतंय."

सरपंचांनी एकदा धोतराकडे बघितलं, एकदा गावाकडे बघितलं. पण बाईमाणूस आत गुडघ्यावर बसलेलं असताना आपण उभं राहणं त्यांना बरं वाटेना. धोतराचा काचा मारला आणि बसले. गुडघे टेकत आत गेले. मग आतून सरपंचांचा आवाज, एकदम वेगळा: "आयला! इथून तर नुस्ती भिंत दिसून राहिली! खिडकीत आभाळबी दिसंना!" तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आत आल्या, तर सरपंच ओरडले, "अन् ताई, तुमचं तर मला नुस्तं लुगडंच दिसायलंय, तोंड कुठंय तुमचं?"

ताई हसत सुटल्या, त्यांच्यामागे अख्खं गाव हसलं. आणि त्या गलक्यात चार-पाच मुलं आत घुसली, कारण खोलीत पहिल्यांदाच त्यांच्या उंचीचा सरपंच होता.

वाघ काढलाच नाही. खिडक्या गुडघ्याएवढ्या खाली आणल्या, बाहेर कडुनिंबाची सावली होती ती मुलांना दिसायला लागली. ताईंना बुटकं स्टूल दिलं. सरपंचांचं काय झालं म्हणाल, तर पुढं तालुक्याला कुठल्याही शाळेच्या उद्घाटनाला बोलावलं की हा माणूस फीत कापायच्या आधी गुडघ्यावर बसून आत जाऊन यायचा. लोक म्हणायचे, सरपंचानं नवस केलाय.

नांदेडमधली नावांची गल्ली हीसुद्धा अक्कांचीच. आमच्या स्टुडिओत रऊफचाचा नावाचे एक पेंटर होते. एके काळी शहरातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. अक्कांनी त्यांना घरी जाऊन बोलावून आणलं. चाचा म्हणाले, "अक्का, अब कौन लिखवाता? मशीन एक मिनिटात छापतंय." अक्का म्हणाल्या, "मशीनला विचारता येत नाही, चाचा. तुम्ही विचारून लिहा."

झालं असं की एका गल्लीतल्या लोकांनी सगळ्यांनी मिळून भिंती रंगवायचं ठरवलं होतं. अक्कांनी अट घातली: प्रत्येक दारावर त्या घरातल्या बाईचं नाव, आणि कुठलं नाव, ते ती सांगेल. चाचा ब्रश घेऊन दारोदार. कुणी नुसतं नाव सांगितलं, कुणी नावापुढं बी.ए. लावायला सांगितलं, एका आजीनं आपल्याबरोबर म्हशीचंही लिहा म्हणून हट्ट धरला आणि चाचांनी सुंदर वळणदार अक्षरांत म्हशीचंही लिहिलं.

चंद्रभागाबाईंच्या दारापाशी चाचा थांबले. सत्तरीच्या बाई. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज बारीक केला आणि म्हणाल्या, "मैना लिवा."

"मैना कौन?"

"मीच. लगीन झालं तवा ह्यायनं चंद्रभागा ठिवलं. माहेरी मैना हुते."

चाचांनी त्या दिवशी दुसरं काहीच काम केलं नाही. एकच नाव लिहिलं, निळ्या रंगात, कडेला दोन पानं. संध्याकाळी बाईंचे यजमान घरी आले. दारासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. पन्नास वर्षांत त्यांनी ते नाव ऐकलं नव्हतं किंवा विसरले होते. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत डोकी. म्हातारे शेवटी घसा खाकरून, थोडं चाचरत म्हणाले, "मैनाबाई, च्या टाका."

आतून उत्तर आलं, "मैना च्या टाकत न्हाई. मैना झोक्यावर बसती. चंद्रभागा भाजी आणाया गेलीय, ती आली की टाकंल."

अक्का समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं. त्या दिवशी चहा म्हाताऱ्यांनी केला. साखर जास्त झाली होती, पण गल्लीनं घोट घोट प्यायला.

पण अक्कांची खरी ओळख मला पटली ती एका चुकीमुळे. आणि त्या चुकीत माझाही वाटा होता.

मुखेड तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना ही गोष्ट स्वतः सांगायला आवडते. तिथले तात्या म्हणून एक वयस्क शेतकरी, त्यांनी गावातल्या मुलींसाठी वाचनालय बांधायला आईच्या नावानं जागा दिली. जागा मोक्याची, पाराच्या अगदी समोर. अक्कांनी नेहमीसारखं सगळं केलं. सभा घेतल्या, मुलींना बोलावलं, मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीनं पूर्ण मापाचा नकाशा जमिनीवर काढला आणि लोकांना त्यात चालायला लावलं. "हे दार. हे टेबल. इथून चालून बघा. कागदावर घर दिसत नाही, पायाला कळतं." मुली चालल्या, हसल्या, सगळं छान आहे म्हणाल्या. इमारत सुंदर झाली. विटांची जाळी, तिच्यातून येणारा कवडशांचा उजेड, दारावर तात्यांच्या आईच्या नावाचा दगड. एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं ती बक्षिसासाठी निवडलेल्या इमारतींत घेतली. परीक्षक बघायला येणार होते.

आणि वाचनालयात मुली येत नव्हत्या.

आधी वाटलं, परीक्षा असतील. मग वाटलं, कापसाची वेचणी असेल. अक्का मला घेऊन गेल्या आणि स्वतः तीन दिवस तिथं बसल्या. पाचवीतली मुलं आली, एक बकरी आली, पेपर वाचायला म्हातारे आले. पण एकही मोठी मुलगी नाही. चौथ्या दिवशी परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "तू जाशील का तिथं? सतरा वर्षांची असतीस तर?"

मी म्हणाले, "नाही."

"का?"

"समोर पार आहे, अक्का. दिवसभर वीस-पंचवीस गडी बसलेले असतात. त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचं, त्यांच्यासमोर दार उघडायचं आणि परत तसंच यायचं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरी सांगणार, तुमची पोरगी रोज कुठं जाती."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुला हे आधी माहीत होतं?"

"हाव."

"सभेत होतं?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

जे खरं होतं ते मी सांगितलं. "तुम्ही मुलींना विचारलं तेव्हा त्यांचे बाप मागंच उभे होते. त्या काय सांगणार? आणि मला तर तुम्ही विचारलंच नाही."

मला वाटलं, आता नोकरी गेली. गाडी कंधारच्या फाट्यापर्यंत आली. मग त्यांनी पर्समधून वही काढली, हलत्या गाडीत वेड्यावाकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. लिहिलं होतं: 'विचारताना बाप कुठं उभा आहे ते बघणे.' त्याखाली: 'आधी हिला विचारणे.'

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तात्यांना फोन करून ग्रामसभा बोलवायला लावली. परीक्षक यायला आठवडा राहिला होता. स्टुडिओत आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, अक्का, आठ दिवस थांबा, मग काय ते करा. त्या म्हणाल्या, "आठ दिवस कुणासाठी थांबायचं? ते बघून जातील. मुलींना तिथं राहायचंय."

सभेत त्या उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "चूक माझी आहे." आमच्याकडे सभेत असं वाक्य सहसा कुणी बोलत नाही. त्यांनी सांगितलं, पाराकडचं दार बुजवायचं आणि मागच्या भिंतीत, पिठाच्या गिरणीच्या बोळीकडं नवीन दार पाडायचं. गिरणीच्या बोळीत दिवसभर बायकांची ये-जा, डबे घेऊन उभ्या मुली. तिथून कुणी आत गेलं तर कुणाचं लक्षही जाणार नाही.

तात्या उठले. "बाई, दारावर माझ्या मायचं नाव हाय. तुम्ही ते दार बुजवायलात. बोळीतल्या दारावर कोण वाचंल ते?"

एवढ्या वेळात पहिल्यांदा अक्कांचा आवाज मऊ झाला. "तात्या, एक विचारू? तुमची आई या दारानं आत गेली असती का? पारावर एवढी माणसं बसलेली असताना?"

तात्यांनी टोपी काढली, हातात फिरवली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माय पारावरून कधी गेलीच न्हाई. पदर हातभर म्होरं वढून मागच्या बोळीनं जायची. देवळातबी तिकडूनच."

आणि टोपी डोक्यावर ठेवून म्हणाले, "उद्या सकाळी म्या पहार घिऊन येतो."

खरंच आले. मागच्या भिंतीवर पहिला घाव तात्यांचा. गिरणीवाल्यानं गिरणी बंद ठेवली, बायका डबे बाजूला ठेवून विटा उचलायला लागल्या. अक्कांनी कमरेला पदर खोचला होता आणि त्या प्रत्येक वीट निघाली की "शाब्बास!" म्हणत होत्या, जणू काही नवीन इमारत उभी राहत होती. आईच्या नावाचा दगड तात्यांनी स्वतः काढला, स्वतःच्या हातानं धुतला आणि बोळीकडच्या चौकटीवर बसवताना कुणाला हात लावू दिला नाही.

परीक्षक आले ते मोठ्या गाडीतून आले आणि धुळीत उतरले. तिघेजण. पुढचं दार बुजवलेलं, मागं फोडलेल्या विटांचं राबिट आणि सिमेंटची पोती, सुंदर जाळीवर चिखलाचे शिंतोडे. त्यांच्यातल्या एकानं गोंधळून विचारलं, "मॅडम, काम अजून चालू आहे?"

"हो," अक्का म्हणाल्या. "चूक पाडायचं काम चालू आहे. जपून, इथं चौकट ओली आहे."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली, काहीही न लपवता, एसटीतल्या माझ्या उत्तरासकट. मला जमिनीत जावंसं वाटलं. परीक्षकांनी टिपणं काढली, चहा घेतला आणि गेले.

बक्षीस मिळालं नाही. तसं पत्र आलं त्या दिवशी खाली बँडवाल्यांचा सराव चालला होता. पोस्टमनला मोठा लिफाफा वर नेताना त्यांनी बघितलं होतं आणि अक्कांना बक्षीस मिळणार ही बातमी त्यांना कुठूनतरी आधीच होती. लिफाफा वर गेला तसा त्यांनी जोरात बँड सुरू केला. अख्खा बँड, ढोलासकट. वर आम्ही पत्र वाचून खजील होऊन बसलेलो, खाली वरात. रऊफचाचा जिन्याकडे धावले, "बंद करो रे, नहीं मिला!"

अक्कांनी त्यांना हाताला धरून थांबवलं. "वाजू दे, चाचा. काल बोळीतल्या दारानं अकरा जणी आत आल्या. तात्यांचा फोन होता." आणि खिडकीत जाऊन खाली हात केला, तसा बँड आणखी चेकाळला. बँडवाल्यांना खरं काय ते महिनाभर कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर प्रत्येक सभेआधी अक्का मला बाजूला घेऊन विचारायच्या, "काय वाटतं? कोण बोलणार नाही?" आणि मी सांगेन त्या घरी आम्ही दोघी आधी जाऊन चहा पिऊन यायचो. लोकांना वाटायचं, मी त्यांची मदतनीस. मला वाटायचं, मी शिकतेय. त्यांनी मात्र जिन्यापाशीच्या पाटीवर खाली आपलं नाव आणि त्याच्या बरोबरीनं माझं नाव लिहून घेतलं. मला सांगितलंसुद्धा नाही. सकाळी जिना चढताना वाचलं.

आईचं वय झालं तेव्हा अक्कांनी नांदेड सोडायचं ठरवलं. निरोपाचा समारंभ त्यांना नको होता, पण मुखेडकडच्या मुली टेम्पो करून आल्या, सरपंच आले, मैनाबाई यजमानांना घेऊन आल्या. भाषणं सुरू झाली तशा अक्का तळहात पुढे करून "साकु, साकु" करत होत्या, पण त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकलं नाही. स्टुडिओ त्यांनी आमच्या हवाली केला. वही मात्र बरोबर नेली. मागितली तर म्हणाल्या, "तुझी तू भर."

गेल्या हिवाळ्यात लातूरला काम होतं, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्या गावी गेले. हवेत गारवा होता, शेतात ज्वारी कणसाला आली होती. घरी त्यांची आई अंगणात ऊन खात बसली होती. म्हटलं, अक्का कुठायत? म्हातारी वैतागून म्हणाली, "शाळंच्या मैदानात जा. तिला काय येड लागलंय ते तूच बघ माय."

मैदानाच्या कडेला बरीच माणसं उभी होती. मध्ये अक्का. कुणाचीतरी लाल स्कूटी, त्यावर ताठ बसलेल्या, साडी वर खोचलेली, डोक्यावर हेल्मेट, चष्मा नाकावर घसरलेला. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी गाडी शिकायला घेतली होती, कारण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून बोलावणी यायला लागली होती आणि एसटी तिकडे दिवसातून एकदाच जायची. मागून शाळेतल्या एक बाई धावत होत्या, ओरडत होत्या, "अक्का, ब्रेक! ब्रेक दाबा!"

"दाबलाय!" अक्का ओरडल्या. "तो हॉर्न निघाला!"

आणि हॉर्न वाजवत त्या आमच्यासमोरून गेल्या. दुसऱ्या फेरीला त्यांना मी दिसले. तोंड एकदम उजळलं. "कधी आलीस?" एवढंच ऐकू आलं, तोवर त्या पुढं गेल्या होत्या. पुढच्या फेरीला, "जेवली का?" त्याच्या पुढच्या फेरीला, "घरी भाकरी आहे, शेंगाची चट..." आणि चटणीतलं उरलेलं वळणावर गेलं. मी ओरडून उत्तरं देत होते, माणसं हसत होती, पोरं मागं धावत होती. थांबायचं कसं ते अजून शिकायचं होतं. पण थांबायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

माझ्या एसटीची वेळ झाली. फाट्यापर्यंत चालायचं होतं. मी हात हलवून निघाले. मागून हॉर्न ऐकू आला म्हणून वळून बघितलं, तर अक्कांनी मला निरोप द्यायला एक हात सोडून वर केला होता, स्कूटी नागमोडी चालली होती आणि अख्खं मैदान एका आवाजात ओरडत होतं, "हात सोडू नका, अक्का! हात सोडू नका!"

आणि त्या हसत होत्या.